सोमवारी गैरहजर का? : शाळेतले समाजकार्य आणि मुलांचे मन

शाळेत समाजकार्यकर्ता असला तर मुलांच्या मानसिक आरोग्यासाठी तो नेमके काय करू शकतो, यावर जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून आलेल्या प्रश्नांपैकी काही निवडून इथे उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांची आणि गावांची नावे गाळली आहेत. मूल ओळखू येईल असे तपशीलही काढले आहेत.

आमची अनुदानित माध्यमिक शाळा आहे. पट ३४०. समुपदेशक म्हणून कागदावर चित्रकलेच्या सरांचे नाव आहे. वेगळा समाजकार्यकर्ता घ्यायचा तर तो असे काय करतो, जे आमच्या सरांना जमणार नाही? (मुख्याध्यापक, चोपडा तालुका)

सर, आधी नियमाचे. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ च्या निकालात विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी देशभरातल्या शैक्षणिक संस्थांना सूचना घालून दिल्या आहेत. पट १०० किंवा त्याहून जास्त असेल तर मुलांच्या मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण झालेला निदान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. पट कमी असेल तर बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडणी करून ठेवायची. शिक्षक आणि शिक्षकेतर अशा सगळ्यांचे वर्षातून दोनदा प्रशिक्षण घ्यायचे, आणि हेल्पलाइनचे क्रमांक सगळ्यांना दिसतील असे लावायचे. म्हणजे कागदावरचे नाव आता पुरणार नाही. यात चित्रकलेच्या सरांचा काही दोष नाही. जो माणूस तासाला शिस्त लावतो आणि वर्षाअखेर गुण देतो, त्याच्यापाशी घरातली गोष्ट सांगायला मूल कचरतेच.

आता कामाचे. समुपदेशक मुलाशी बोलतो. मानसशास्त्रज्ञ चाचण्या घेतो, मनाच्या अडचणींवर पद्धतशीर उपचार करतो. मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर असतो. आजाराचे निदान आणि औषध त्याच्याकडे. समाजकार्यकर्ता मुलाशी बोलतोच, पण पुढे त्याच्या घरी जातो, वर्गशिक्षकाशी बसतो, ग्रामपंचायत, दवाखाना आणि सरकारी कचेरीचे उंबरे झिजवतो. समजा आठवीतला मुलगा वर्गात चिडतो, दप्तर फेकतो. वडील वारलेले, आई पहाटे केळीच्या बागेत मजुरीला जाते, धाकटीचे सगळे आवरून हा शाळेत येतो. त्याला राग आवरायचे चार उपाय शिकवून पाठवले तर पाचव्या दिवशी तो पुन्हा दप्तर फेकेल. त्याच्या आईचा बालसंगोपन योजनेचा (आई किंवा वडील गमावलेल्या अशा मुलांसाठीच्या सरकारी मदतीचा) अर्ज भरून घेणे, वडिलांचा मृत्यूचा दाखला नसेल तर मिळवून देणे, धाकटीची अंगणवाडीत नोंद करणे, पहिल्या तासाला दहा मिनिटांचा उशीर महिनाभर माफ करायला वर्गशिक्षकाला राजी करणे, हे सगळे समाजकार्यकर्त्याचे काम. त्या योजनेत एका मुलामागे दरमहा २,२५० रुपये मिळतात. प्रकरण बाल कल्याण समितीपुढे (काळजी आणि संरक्षण लागणाऱ्या मुलांचे निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या समितीपुढे) जाते आणि कागदपत्रे अपुरी म्हणून परत येते. हा पाठपुरावा शिक्षकाला शाळा सोडून करता येत नाही.

पूर्णवेळ पद परवडत नसेल तर जवळच्या तीन शाळांनी मिळून एक व्यक्ती घ्या आणि प्रत्येक शाळेचे दिवस पक्के करा. 'गरज लागेल तेव्हा या' अशी नेमणूक करू नका. ती व्यक्ती फक्त भांडण झाल्यावरच बोलावली जाते आणि मुलांच्या लेखी पोलीस ठरते. पात्रता एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) पाहा. वैद्यकीय व मनोविकृती समाजकार्याचा विशेष अभ्यास असेल तर फारच चांगले. चोपडा, जळगाव, अमळनेर आणि धुळ्याजवळच्या मोराणे इथे समाजकार्य महाविद्यालये आहेत. तिथले विद्यार्थी क्षेत्रकार्यासाठी मिळू शकतात. त्यांची मदत जरूर घ्या, पण नेमणुकीच्या जागी त्यांना धरू नका. ते वर्षअखेर निघून जातात, आणि ज्या मुलाने पहिल्यांदाच कुणाजवळ मन मोकळे केले ते पुन्हा एकटे पडते.

खोलीची काळजी आधीच घ्या. क्रीडासाहित्याची अडगळ नको, तुमचे दालनही नको, शिक्षक खोलीच्या दारातून जावे लागेल अशी जागाही नको. आत कोण बसले आहे हे बाहेरून दिसावे पण बोलणे ऐकू येऊ नये, म्हणून दाराला काच हवी. मुलाला खेळाच्या तासाला बोलावू नका, आणि दर आठवड्याला एकाच विषयाच्या तासालाही बोलावू नका. पहिल्याने मूल रुसते, दुसऱ्याने तो विषय मागे पडतो आणि शिक्षक नाराज होतात.

एका दिवसाचे, सहा तासांचे काम ढोबळ मानाने असे बसते: मुलांशी वैयक्तिक बोलणे दोन तास, एका वर्गात सत्र एक तास, शिक्षकांबरोबर एक तास, गृहभेटी व कचेऱ्यांचे फोन दोन तास. एका वेळी पंधरा ते वीसपेक्षा जास्त मुले हाताशी घेतली तर गृहभेटी सुटतात, आणि त्या सुटल्या की समाजकार्यकर्ता आणि समुपदेशक यांत फरक उरत नाही. पहिल्या महिन्यात आकडे मागू नका. तो महिना वर्गात मागे बसण्याचा, शिपाईमामा आणि पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींशी ओळख करून घेण्याचा असतो. कोण डबा न खाता परत नेतो, हे मुख्याध्यापकाआधी मावशींना ठाऊक असते.

माझ्या वर्गातली एक मुलगी दिवाळीनंतर गप्प झाली आहे. सोमवारी हमखास गैरहजर, बाकी दिवशी तासाला झोपते. कामामुळे थकते की मनाचे काही आहे, हे ओळखायचे कसे? (वर्गशिक्षिका, नववी, यावल तालुका)

ताई, तुम्ही सोमवार टिपलात हे फार चांगले केले. आपल्याकडे ऑक्टोबर ते डिसेंबरात कापूस वेचणीमुळे वर्ग अर्धे रिकामे होतात. तेव्हा गैरहजेरी ही एकटी खूण धरता येत नाही. वेचणीला जाणारे मूल चार-सहा दिवस सलग बुडवते, वेचणी उरकली की येते, आणि आल्यावर पूर्वीसारखेच हसते-खेळते. ठरावीक वारी बुडवणारे, आल्यावरही मिटून बसणारे मूल वेगळे.

तीन महिन्यांचे हजेरीपत्रक समोर घ्या आणि वार लिहून काढा. सोमवारची अनेक कारणे असू शकतात. रविवारी बाजार असेल तर घरातले मोठे दारू पितात, रात्री भांडण होते. कुणी नातेवाईक शनिवार-रविवारी मुक्कामी येत असेल. सोमवारी पहिल्या तासाला पाढे किंवा इंग्रजी वाचन सगळ्यांसमोर घेतले जात असेल आणि तिला वाचता येत नसेल. आई-वडील दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत गेले असतील आणि ती आजीकडे राहून सगळे घर सांभाळत असेल. पाळीच्या दिवसांत शाळेच्या स्वच्छतागृहात पाणी नसते म्हणून मुली घरी राहतात, पण ती गैरहजेरी महिन्याच्या अंतराने येते. प्रत्येक कारणाला उपाय वेगळा, म्हणून निष्कर्षाची घाई नको.

पाहायचे ते हे: जेवण, झोप, मैत्रिणी, आवडीची गोष्ट, वहीतले अक्षर. यातल्या दोन-तीन गोष्टी आधीपेक्षा बदलल्या असतील आणि बदल दोन आठवडे टिकला असेल तर समाजकार्यकर्तीकडे चिठ्ठी द्या. चिठ्ठीत 'डिप्रेशन वाटते', 'मूडी आहे' असे लिहू नका. 'नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून चार सोमवार गैरहजर, मधल्या सुट्टीत वर्गातच बसते, पूर्वी कबड्डीच्या संघात होती, दोन वेळा डोके दुखते म्हणाली' असे लिहा. तुम्ही पाहिलेले लिहायचे. त्याचा अर्थ दोघींनी बसून लावायचा.

डोके आणि पोट दुखण्याकडे लक्ष असू द्या. खेड्यातले मूल 'मला उदास वाटते' असे क्वचित म्हणते. 'मनं डोकं दुखस', 'जीव घाबरस' असे म्हणते. आधी आरोग्य केंद्रात तपासून घ्या. मुलींमध्ये रक्त कमी असणे खूपदा आढळते, आणि त्या थकव्याला आपण आळस म्हणून बसतो. आदिवासी मुलांत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी झाली आहे का तेही पाहा. त्या आजारात हातापायांत खरोखर असह्य कळा येतात आणि मूल नाटक करते असा शिक्का बसतो.

तिच्याशी बोलताना 'काय झाले ते सांग' असा थेट सवाल पहिल्याच दिवशी नको. हातांना काम द्या, वह्यांचा गठ्ठा लावताना शेजारी उभ्या राहा आणि 'हल्ली तू गप्प असतेस, मला काळजी वाटते' एवढे म्हणा. ती बोलली नाही तरी चालेल. दोन दिवसांनी पुन्हा तेवढेच.

आई-वडील ऊसतोडीला गेले असल्याचे कळले तर गटशिक्षणाधिकारी कार्यालयात हंगामी वसतिगृहाची चौकशी करा. मूल सोबत जाणार असेल तर शिक्षण हमी पत्रक देऊन पाठवा, म्हणजे तिकडच्या शाळेत बसवून घेतात.

शाळेतून निरोप आला की मुलाला समाजकार्याच्या मॅडमकडे पाठवायचे आहे. उद्या दाखल्यावर 'मानसिक रुग्ण' असे लिहून आले तर? (एक आई, अमळनेर)

ताई, असे कुठेही लिहिले जात नाही. शाळा सोडल्याच्या दाखल्यात, गुणपत्रकात किंवा हजेरीपत्रकात याची नोंद करायची नसते. मॅडमची वही वेगळी असते आणि ती कपाटात कुलपाखाली असते. तुम्ही विचारू शकता: वही कोण पाहते, मुलाशी किती वेळा बोलणार, मला काय सांगणार. चांगली कार्यकर्ती उत्तर देते आणि पहिल्या भेटीत तुम्हालाही बोलावते. मुलाला घरी 'तुला शिक्षा म्हणून पाठवलंय' असे कुणी म्हणू नये, एवढे मात्र पाहा. समजुतीचा पहिला दिवस बिघडला की पुढचे महिने जातात.

आमच्या कन्या आश्रमशाळेत संध्याकाळच्या प्रार्थनेवेळी एक मुलगी ओरडून पडली. आठवडाभरात अकरा मुली तशाच पडल्या. पालक बडव्याला (झाडफूक करणाऱ्या भगताला) आणू म्हणतात, काही मुलींना घरी नेले. डॉक्टर म्हणाले, काही नाही. काय करावे? (अधीक्षिका, नंदुरबार जिल्हा)

मॅडम, असे प्रकार वसतिगृहांत घडतात. जगभरातल्या शाळांत, कारखान्यांत त्यांची नोंद आहे. बंदिस्त जागा, एकाच वयाच्या मुली, कडक दिनक्रम आणि न बोलता आलेला ताण एकत्र आला की एकीचा त्रास पाहून दुसरीला होतो. मुली नाटक करत नसतात. त्यांचे हातपाय खरोखर वळतात, श्वास खरोखर कोंडतो. 'काही नाही' हे डॉक्टरांचे वाक्य अर्धेच आहे. शरीरात आजार सापडला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

पण आजार नाही हे नीट तपासलेले असले पाहिजे. सगळ्यांनी एकच जेवण घेतले होते का, उलटी-जुलाब-ताप कुणाला आहे का, पाण्याची टाकी कधी धुतली, स्वयंपाकघरात गॅस किंवा धूर कोंडतो का. प्रत्येक मुलीचे हिमोग्लोबिन, सिकलसेल आणि ताप असल्यास मलेरियाची तपासणी करून घ्या. पडताना मार लागला, जीभ चावली, कपड्यात लघवी झाली, झटका पाच मिनिटांहून जास्त चालला किंवा नंतर मुलगी बराच वेळ भानावर आली नाही, तर ती फिट असू शकते. अशा मुलीला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा.

हे नसेल तर पुढचा झटका येईल तेव्हा असे करा. मुलीला उचलून शांत खोलीत न्या, सोबत एकच मोठी बाई. बाकी मुलींना लगेच नेमक्या कामाला लावा. प्रार्थना पुढे चालू राहू द्या. गर्दी हेच या प्रकाराचे खतपाणी. कांदा हुंगवणे, पाणी मारणे, गालावर चापट मारणे बंद. मुलीजवळ बसून हळू श्वास घ्यायला लावा: चार आकडे मोजत आत, सहा मोजत बाहेर. 'तू सुरक्षित आहेस, थोड्या वेळात थांबेल' हे तिच्या बोलीत, पावरी किंवा भिलोरीत सांगणारी व्यक्ती असेल तर निम्मे काम होते. भानावर आल्यावर जेवण द्या आणि दिनक्रमात परत घ्या. मोबाइलवर चित्रण करणाऱ्याचा मोबाइल आधी खिशात जायला हवा, मग तो कर्मचारी असो की पाहुणा.

दुसऱ्या दिवशी खरे काम सुरू होते, आणि त्यासाठी बाहेरचा समाजकार्यकर्ता बोलवा, कारण मुली तुमच्याबद्दलही काही सांगतील. एकेकीला वेगळे बसवून विचारायचे: रात्री स्वच्छतागृहात जायला भीती वाटते का, दिवे आहेत का, कडी लागते का, कुणी पुरुष कर्मचारी आत येतो का, कुणी मारते का, जेवण पुरते का, घरी कुणी आजारी आहे किंवा वारले आहे का. सर्वांत आधी पडलेल्या मुलीशी सर्वांत जास्त वेळ बोलायचे. लैंगिक त्रासाची शंका अशा प्रत्येक वेळी मनात ठेवायलाच हवी. ती पुढे खोटी ठरली तर आनंदच आहे.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर, दिवाळीनंतर आणि होळीहून परतल्यावर पहिले दोन आठवडे नाजूक असतात. सातपुड्यातल्या मुली होळीसाठी गावी जातात, आणि परत आल्यावर घराची ओढ फार लागते. त्या पंधरा दिवसांत पालकांशी फोनची ठरलेली वेळ द्या, नव्या मुलीला तिच्याच पाड्याच्या मोठ्या मुलीशेजारी झोपण्याची जागा द्या. एवढ्याने पुष्कळ फरक पडतो.

बडव्याबद्दल. पालकांच्या श्रद्धेची टिंगल करू नका. केलीत तर ते मुलीला घेऊन जातील आणि उपचार तुटतील. घरी जाऊन ते पूजा करतील तर करू द्या. शाळेत सगळ्या मुलींसमोर विधी नको, कारण त्याने 'इथे काहीतरी आहे' ही भीती पक्की होते. मारहाण, मिरचीची धुरी, उपाशी ठेवणे हे मात्र गुन्हे आहेत. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. हे पालकांना शांतपणे, त्यांच्यातल्याच एखाद्या जाणत्या माणसाकडून सांगवा. आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाला पहिल्याच दिवशी लेखी कळवा. आठवडाभर दाबून ठेवलेली बातमी वर्तमानपत्रातून कळली की मग गाड्या, कॅमेरे, पुढारी येतात आणि झटके वाढतात.

दहावीतल्या मुलाच्या वहीत मागच्या पानावर 'आता बस झालं, सगळ्यांना मोकळं करतो' असे लिहिलेले सापडले. विचारले तर गंमत म्हणाला. घरी सांगितले तर मार खाईल. मी काय करू? (शिक्षक, भुसावळ तालुका)

सर, गंमत समजू नका, आणि आजच करा. मुलाला खोलीत बसवा, मोबाइल बाजूला ठेवा, आणि सरळ विचारा: 'जीव द्यावा असे मनात येते का?' विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरते ही समजूत चुकीची आहे. विचारल्याने मुलाला सुटल्यासारखे वाटते. हो म्हणाला तर पुढे: कधीपासून, किती वेळा, काही ठरवले आहे का, ते साधन हाताशी आहे का, याआधी कधी प्रयत्न केला होता का. ठरवलेले आहे आणि साधन हाताशी आहे, किंवा आधी प्रयत्न झालेला आहे, तर क्षणभरही एकटे सोडायचे नाही. स्वच्छतागृहातही सोबत कुणीतरी. त्याच दिवशी जिल्हा रुग्णालय किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा मानसोपचार विभाग गाठायचा. तो जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी आहे.

'कुणाला सांगणार नाही' असे वचन देऊ नका. 'तुझा जीव वाचवायला जेवढ्यांना सांगावे लागेल तेवढ्यांनाच सांगेन, आणि तुला विचारून सांगेन' एवढेच म्हणा. उपदेश टाळा. 'आई-बापाचा विचार कर' हे वाक्य तर नकोच; आपण सगळ्यांना ओझे आहोत असे त्याला आधीच वाटते आहे, हे त्याने वहीत लिहिलेच आहे.

घरी सांगावे लागते. पण फोनवर नाही आणि मुलाच्या हाती चिठ्ठी देऊनही नाही. समाजकार्यकर्त्याने किंवा तुम्ही आणि आणखी एकाने घरी जावे किंवा पालकांना शाळेत बोलवावे. बाप मारील असे वाटत असेल तर मामा, काका, आजी यांपैकी मुलगा ज्याचे नाव घेतो त्यालाही बसवा. बोलणे असे सुरू करा: 'त्याने चूक केलेली नाही, तो आजारासारख्या त्रासात आहे, आज डॉक्टरांकडे जायचे आहे.'

आणि फवारणीच्या औषधाबद्दल त्याच बैठकीत बोला. आपल्या भागात कपाशीमुळे घरोघर कीटकनाशकाचे डबे खाटेखाली, माळ्यावर, गोठ्यात पडलेले असतात. आत्महत्येचा आवेग पुष्कळदा थोड्या वेळाचा असतो, आणि त्या वेळात औषध हाताला लागले नाही तर माणूस वाचतो. डबे कुलपाच्या पेटीत ठेवायचे, किल्ली एकाच मोठ्या माणसाकडे, उरलेले औषध पुढच्या हंगामासाठी साठवायचे नाही. घरातल्या गोळ्यांनाही हेच. कार्यकर्त्याने हे फक्त सांगून येऊ नये, पेटी डोळ्यांनी पाहून यावे. कुणी औषध घेतलेच तर मीठपाणी पाजून उलटी काढण्यात वेळ घालवू नका. अंगावरचे माखलेले कपडे काढा, डबा सोबत घ्या आणि थेट सरकारी दवाखाना. पोलिसांच्या भीतीने उशीर करणारे पालक भेटतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते, तिला शिक्षा नाही. हे त्यांना सांगा.

दवाखान्यातून परत आल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत जोखमीचे. नेमके तेव्हाच सगळे निर्धास्त होतात. दुसऱ्या दिवशी भेट, पहिला महिनाभर दर आठवड्याला, मग तीन महिन्यांनी पुन्हा. शाळेत परत येईल त्या दिवशी वर्गात चौकशी नको. एकच शिक्षक त्याचा हक्काचा माणूस म्हणून ठरवा, पहिले काही दिवस अर्धी शाळा चालेल. मुलाकडे एक कागद असू द्या: जीव घाबरला तर आधी काय करायचे, मग कुणाला फोन करायचा. त्या यादीत टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक हवा. तो चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही चालतो.

वहीतले वाक्य परीक्षेच्या भीतीतून आले असेल तर दहावीत अडले म्हणजे वर्ष गेले असे नाही, हेही कागदावर दाखवा. जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते, दोन विषयांपर्यंत राहिले तर एटीकेटीने (राहिलेले विषय नंतर सोडवण्याच्या सवलतीने) अकरावीला प्रवेश मिळतो. तीच माहिती वडिलांनाही द्या. खूपदा ती त्यांनाच नसते.

नववीतल्या मुलीने मला विश्वासाने सांगितले की घरातलाच एक नातेवाईक तिला त्रास देतो. 'बाई, कुणाले सांगू नका' म्हणते. शिवाय आखाजीला (अक्षय तृतीयेला) तिचे लग्न उरकायचे घाटते आहे. (समाजकार्यकर्ती, धुळे जिल्हा)

ताई, दोन्हींत थांबता येणार नाही. मूल १८ वर्षांखालचे असेल तर पॉक्सो (मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा) कायदा २०१२ च्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणे प्रत्येकाला बंधनकारक आहे, आणि न कळवल्यास कलम २१ खाली शिक्षा आहे. मुलीला हे खरे खरे सांगा: 'हे मला लपवता येत नाही, पण तुला एकटी सोडणार नाही.' तपशील पुन्हा पुन्हा विचारू नका. तिने जे शब्द वापरले ते तसेच, तारीख आणि वेळ घालून लिहून ठेवा. मुख्याध्यापकांना सांगा, पण त्यांनी 'आधी घरच्यांशी बोलून मिटवू' म्हटले तर वाट पाहू नका. घरातलाच माणूस असताना घरी सांगणे म्हणजे पुरावा आणि मुलगी दोन्ही धोक्यात. जबाब शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता, मुलीला सोयीच्या जागी घ्यायचा असतो, आणि वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरने. हे माहीत असेल तर ठाण्यात तुम्ही ठामपणे मागू शकता. बाल कल्याण समितीकडे साहाय्यक व्यक्तीची मागणी करा. ती खटला संपेपर्यंत मुलीसोबत असते.

लग्नाचे. गावात ग्रामसेवक (आताचे पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर कळवा आणि ग्रामसेवकाला लेखी द्या. न्यायदंडाधिकाऱ्याकडून मनाई हुकूम मिळू शकतो. अक्षय तृतीयेसारख्या दिवशी सामूहिक बालविवाह रोखण्यासाठी जिल्हाधिकारी स्वतः प्रतिबंधक अधिकारी मानले जातात, असे २००६ च्या कायद्याच्या कलम १३ मध्येच आहे. त्यामुळे आखाजीच्या पंधरा दिवस आधी अर्ज थेट जिल्हाधिकारी कार्यालयातही द्या. कळवणाऱ्याचे नाव गुप्त ठेवण्याची विनंती त्यात लिहा, कारण तुम्हाला त्याच गावात पुन्हा जायचे आहे.

लग्न थांबले की मुलीला घरात टोमणे, कधी मार सुरू होतो, आणि शाळा बंद केली जाते. म्हणून मनाई हुकूम मिळाला त्याच आठवड्यात वसतिगृहाची जागा, बसचा पास, आणि तिच्या बाजूने बोलेल अशी घरातली एक बाई शोधून ठेवा.

समाजकार्यकर्तीने प्रत्येक मुलाची माहिती शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकावी का? सगळ्यांना कळलेले बरे असते. (पर्यवेक्षक, शहादा तालुका)

नाही. गटावर नाव, फोटो, आजार, घरचे भांडण यांतले काहीही नको. वर्गशिक्षकाला त्याच्या कामापुरते, समोरासमोर सांगायचे: 'महिनाभर त्याला मोठ्याने वाचायला लावू नका.' कारण सांगायची गरज नाही. नोंदवहीत मुलाला क्रमांक द्यावा, नाव-क्रमांकाची यादी वेगळ्या कुलपात.

मी एमएसडब्ल्यूच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शाळेत काम करायचे आहे. काय शिकून ठेवू? (विद्यार्थिनी, जळगाव)

बोली शिका. अहिराणी घरची असेल, तर पावरी, भिलोरी किंवा मावची यांतली निदान एक ऐकून समजेल इतपत. प्रश्नावल्यांपैकी एसडीक्यू (मुलांच्या भावना आणि वागणूक तपासणारी प्रश्नावली) हाताळायला शिका. त्यात २५ प्रश्न असतात, प्रत्येकी पाच प्रश्नांचे पाच गट. आलेला आकडा निदान नव्हे, पुढे कुणाशी जास्त बोलायचे त्याची खूण. आपल्याकडच्या मुलांना 'थोडेसे खरे' आणि 'अगदी खरे' यांतला फरक समजावून सांगावा लागतो, म्हणून प्रश्नावली वर्गात वाटून मोकळे होऊ नका, लहान गटात वाचून घ्या.

वाचन-लेखनाची अक्षमता ओळखता आली पाहिजे. 'अभ्यास करत नाही' म्हणून मार खाणाऱ्या मुलांत अशी मुले असतात. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये ही अक्षमता धरली आहे. प्रमाणपत्र मिळाले तर परीक्षेत तासाला २० मिनिटे जादा वेळ आणि लेखनिक मिळू शकतो. ही कागदपत्रे आठवी-नववीतच सुरू करायला हवीत. दहावीच्या जानेवारीत धावपळ करून हाती काही लागत नाही.

आणि तालुक्याची स्वतःची वही करा: मानसोपचार विभागाचा बाह्यरुग्ण वार कोणता, बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याचे कार्यालय कुठे, बाल कल्याण समिती कोणत्या वारी बसते, शेवटची एसटी किती वाजता सुटते. धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या पाड्यावरून आईला मुलासोबत जिल्ह्याला पाठवायचे तर मजुरी बुडते, भाडे लागते आणि रात्री मुक्काम पडतो. या तिन्हींची सोय आधी केली नाही तर ती येत नाही, आणि तुमच्या नोंदीत मात्र 'पालक सहकार्य करत नाहीत' असे लिहिले जाते. ती सोय करूनच संदर्भपत्र द्या, आणि ती गेली का हे तिसऱ्या दिवशी फोन करून विचारा.